मार्तंडरावांच्या लेथचा स्पिंडल

मार्तंडराव हरकरे यांना खुर्चीत पाठ टेकून बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघणारा माणूस आपल्या पेटीच्या कडेवर बसतो, तसे ते बसतात. आमच्या घरी आले की चहाच्या आधी त्यांना दाराची सैल कडी दिसते. खिशात पेचकस असतोच. चहा होईपर्यंत कडी घट्ट होते, आणि कप हातात घेऊन ते कूलरच्या पंपाचा आवाज ऐकायला उभे राहतात.

त्यांच्या पत्नी यमुताई आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. ती गणित, मी मराठी. मनीषनगरात आमची घरं समोरासमोर आहेत. नवऱ्याबद्दल यमुताई म्हणते, "सटवी यांचं नशीब लिहायला आली तेव्हा तिची बस सुटत होती गं. बाकी सगळं लिहिलं, 'बसा' तेवढं लिहायचं राहिलं."

मार्तंडराव जिल्हा कचेरीत हेडक्लार्क होते. घराण्यात भोसल्यांच्या काळापासून लेखणीचं काम. हाताला काळं ग्रीस लागलेला त्या घरातला हा पहिलाच पुरुष असावा. कचेरीतून घरी आले की ते शर्ट बदलायच्या आधी लेथसमोर उभे राहत. लेथ म्हणजे लोखंड-पितळ फिरवून कातायचं यंत्र. घराच्या तळमजल्यावर गाडीसाठी जी जागा बांधली, तिथे ते आहे. गाडी बिचारी बाहेर रस्त्यावर, कापड पांघरून.

ही लेथ त्यांना एका बंद पडलेल्या तांत्रिक शाळेच्या लिलावात मिळाली. ते तिथे कचेरीच्या कामासाठी गेले होते. "हात जागेवर राहत नाही ना," यमुताई सांगते, "म्हणून वर गेला, आणि बोली आमच्या नावावर पडली." यंत्र घरी आल्यावर कळलं की त्यात स्पिंडलच नाही. लेथमध्ये जे फिरतं ते स्पिंडल. पोलादाचा पोकळ दांडा. त्याच्या तोंडावर चक, म्हणजे पोलादी पकड, बसतो, चकात काम धरायचं, आणि दांडा फिरला की काम फिरतं. तो नसला की लेथ म्हणजे लोखंडी बाक.

तेव्हा कोणीतरी देवराव चाफल्यांचं नाव सांगितलं. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत देवरावांचा छोटा कारखाना होता. मूळचे शेतकरी घरातले, पण नांगरापेक्षा नांगराच्या बोल्टांत जीव. हेडक्लार्क बिनडोक्याची लेथ घेऊन बसला आहे हे ऐकून ते खूप हसले, यंत्र बघायला स्वतः आले, मापं घेऊन गेले आणि हाताशी पडलेल्या एका दांड्यातून स्पिंडल कातून परत आले. तो बसवला, यंत्र फिरलं, आणि तेव्हापासून देवराव दर रविवारी सकाळी मनीषनगरात यायला लागले.

त्यांचं येणं मला आमच्या ओट्यावरूनही कळायचं. फाटक उघडायच्या आधीच आवाज यायचा.

"काय गा मार्तंडराव, आपलं पोट्टं का म्हणते?"

पोट्टं म्हणजे तो स्पिंडल.

"चालू आहे," मार्तंडराव आतून म्हणायचे.

"चालणारच. बाप कोण आहे त्याचा!"

मग देवराव स्टुलावर बसायचे, मार्तंडराव लेथवर उभे राहायचे, आणि दुपारी जेवायची हाक येईपर्यंत देवरावांच्या सूचना चालायच्या. टूल खाली घ्या. वर घ्या. इतका कट काहून घेऊन राहिले? मशीन आहे का ऊस आहे? मार्तंडराव आठवड्यात कोणाचं ऐकत नाहीत, पण रविवारी ऐकत. त्या दिवशी त्यांची चालही वेगळी असे. पायरीवर दोनदा न अडखळता वर येत, जेवताना ताटातलं नीट संपवत. यमुताईला रविवार आवडायचा तो यासाठी.

आता त्या स्पिंडलचं. तो चांगला होता, पण त्याचं भोक अरुंद होतं, शिसपेन्सिल जाईल एवढं. देवरावांना तेव्हा मिळाला त्या दांड्यात तेवढंच बसत होतं. जाड सळई त्यातून आरपार जात नसे. आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी गल्लीतल्या मुलांच्या लाकडी बैलांना पितळी चाकं करून द्यायचा मार्तंडरावांचा नेम. त्यासाठी पितळेची जाड सळई आधी करवतीने तुकडे तुकडे करायची, मग एकेक तुकडा चकात धरायचा. सळई आरपार गेली असती तर काकडीच्या चकत्या कापाव्यात तशी चाकं निघाली असती. शिवाय तो दांडा कांस्याच्या दोन बुशांत, म्हणजे आखूड नळ्यांत, फिरायचा. बुश झिजले होते, आणि थोडं कठीण काम आलं की यंत्र दात वाजवायचं.

हे मार्तंडरावांच्या डोक्यात किती दिवस फिरत होतं कोण जाणे. उन्हाळ्यात एका दुपारी ते आमच्याकडे आले, कडीला हात न लावता उभेच राहिले आणि म्हणाले, "मी स्पिंडल बदलून राहिलो. मोठ्या भोकाचा. बेअरिंगवर फिरणारा. देवरावांना सांगू नका."

यमुताई मागोमाग आली होती. ती म्हणाली, "काहून सांगायचं नाही? त्यांना मदतीला घ्या."

"त्यांचंच पोट्टं काढून टाकायला त्यांनाच बोलवू? कळलं तर येणं बंद करतील ते."

"मग बदलू नका."

"ते कसं शक्य आहे?" मार्तंडराव खरोखर गोंधळून म्हणाले. मग थोड्या वेळाने, आमच्या दोघींकडे न बघता, "आणि रविवारी ते आले नाहीत तर मी करू काय?"

त्यांच्या तोंडून असा प्रश्न मी पूर्वी ऐकला नव्हता.

काम सुरू झालं. सोमवार ते शनिवार नवा स्पिंडल जुन्या स्पिंडलवरच कातायचा, आणि रविवारी सकाळी पोत्याखाली झाकून ठेवायचा. "म्हाताऱ्याकडूनच त्याच्या वारसाचे कपडे शिवून घेणं चाललं आहे," यमुताई म्हणाली. देवराव स्टुलावर बसून बोलत, आणि मार्तंडरावांची नजर सारखी त्या पोत्याकडे. एकदा देवरावांनी पाय लांब केला तो पोत्याला लागला, तर मार्तंडराव असे दचकले की टूल कामात घुसलं.

"तब्येत बरी नाही का तुमची?" देवरावांनी विचारलं.

"उकडतंय."

"कूलरसमोर उभे आहात!"

श्रावण लागला. मुलं फाटकाशी येऊन विचारू लागली, "आजोबा, चाकं झाली का?" मार्तंडरावांच्याने आणखी थांबवेना. एका सोमवारी त्यांनी यंत्राचं डोकं उघडलं. जुना स्पिंडल निघाला, पण बुश निघेनात. वर्षानुवर्षं बसून घट्ट झाले होते. ठोकून पाहिलं, तापवून पाहिलं, शेवटी त्यांनी ते आतून करवतीने चिरले आणि तुकडे करून बाहेर काढले. मग बेअरिंग बसवली, नवा स्पिंडल आत सरकवला, आणि आम्हा दोघींना बघायला बोलावलं.

"हाताने फिरवून पाहा," ते म्हणाले.

मी फिरवला. आवाज नाही, अडखळणं नाही. मी हात काढला तरी तो आपला फिरत होता. मार्तंडरावांचा चेहरा उजळला होता. ते वळले, शेल्फावरचा चक दोन्ही हातांनी उचलला, स्पिंडलच्या तोंडाशी नेला आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं?" यमुताईने विचारलं.

त्यांनी चक परत ठेवला. मग स्टुलावर बसले, पाठ भिंतीला टेकून. यमुताईने घाबरून माझ्याकडे पाहिलं. यांनी पाठ टेकली होती!

झालं होतं ते असं. चक स्पिंडलवर थेट बसत नाही. मध्ये एक जाड तबकडी लागते, तिला चकप्लेट म्हणतात. तिच्या पोटात आटे असतात आणि ती स्पिंडलच्या तोंडावर बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवतात. नव्या स्पिंडलचं तोंड मोठं, म्हणून त्याला नवी चकप्लेट हवी. आणि चकप्लेटच्या पोटातले आटे लेथवरच पाडावे लागतात. बारीकसारीक काम म्हणून मार्तंडरावांनी ते शेवटी ठेवलं होतं. आता चकप्लेट नाही म्हणून लेथ चालणार नाही, आणि लेथ चालत नाही म्हणून चकप्लेट होणार नाही. जुना स्पिंडल परत बसवावा, तर त्याच्या बुशांचे तुकडे झालेले.

यमुताई गणिताची. तिला लगेच कळलं. "म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट लावलं."

"हो," मार्तंडराव म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची वणवण सुरू झाली. एका वर्कशॉपवाल्याने एकट्या नगासाठी सेटिंग करायला नकार दिला. दुसऱ्याने करून दिली, पण आटे सैल. बसवली तर प्लेट डुलायची. तिसऱ्याकडे जुन्या इंची मापाचे आटे पाडायची सोयच नव्हती. मार्तंडराव स्कूटरवरून जात, परत येत, यंत्रासमोर उभे राहत, नवा स्पिंडल हाताने फिरवत, पुन्हा स्कूटर काढत. आमच्या घरातल्या सगळ्या कड्या त्या आठवड्यात घट्ट झाल्या. यमुताईच्या शिलाई मशीनला त्यांनी दोनदा तेल पाजलं. तिच्या पांढऱ्या ब्लाऊजवर डाग पडले.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी देवरावांना फोन केला. मी तिथेच होते.

"देवराव, उद्या येऊ नका. आम्ही अमरावतीला जाऊन राहिलो. लग्नाला."

पलीकडून देवरावांचा आवाज इतका स्पष्ट आला की मलाही ऐकू आला.

"श्रावणात कोणाचं लग्न गा?"

मार्तंडरावांनी फोन कानापासून दूर धरून यमुताईकडे पाहिलं. यमुताईने कपाळाला हात लावला.

"आहे एकाचं," मार्तंडराव म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी नेहमीच्या वेळी फाटक वाजलं. देवराव आज बाहेरून ओरडले नाहीत. सरळ आत आले. मार्तंडराव बनियनवर होते, हात कोपरापर्यंत रॉकेलमध्ये.

"कसं झालं लग्न?" देवरावांनी विचारलं. "जेवण-गिवण चांगलं होतं का?"

मार्तंडराव उठून उभे राहिले. देवरावांची नजर वर्तमानपत्रावर ठेवलेल्या जुन्या स्पिंडलवर गेली, मग यंत्राच्या उघड्या डोक्यावर, मग आतल्या नव्या स्पिंडलवर. ते वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली ओढला.

"पोट्टं बाहेर काढलं," ते म्हणाले.

"भोक लहान पडत होतं, देवराव. सळई जात नव्हती."

"मालूम आहे मले. मीच पाडलं होतं ते भोक." त्यांनी नव्या स्पिंडलकडे बराच वेळ पाहिलं. "हा कोणी केला?"

"मी."

"चांगला केला."

मार्तंडराव काही म्हणणार तोच ते पुन्हा बोलले, "बरा नाही म्हणत मी. चांगला केला म्हणून राहिलो."

यापेक्षा त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं यमुताई नंतर म्हणाली. मग देवरावांचं लक्ष शेल्फावरच्या चकाकडे गेलं, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"चकप्लेट?"

"नाही केली."

"आधी नाही केली? डोकं उघडायच्या आधी?"

"राहिली."

"वा बाप्पा! साऱ्या जिल्ह्याच्या फायली सांभाळल्या म्हणे यांनी." देवराव हसले. हसताना त्यांच्या मिशा थरथरतात, तशा थरथरल्या, आणि मार्तंडरावांना वाटलं, संपलं, निभावलं.

म्हणून त्यांनी घाईने विचारून टाकलं, "तुमच्या कारखान्यात करून द्याल का? तुम्ही नेहमी म्हणता ना, आणून द्या, दोन मिनटात करतो?"

देवरावांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. "पाहतो," ते म्हणाले. "सध्या काम लय आहे तिकडे."

"चहा टाकते," यमुताई दारातून म्हणाली.

"नको वहिनी. घाईत आहे मी."

देवराव आणि घाई! ते गेल्यावर यमुताई बराच वेळ फाटकाकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी देवराव आले नाहीत. फोन केला तर उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आले नाहीत. मार्तंडराव सकाळपासून फाटकापाशी. फाटकाच्या बिजागऱ्यांना ग्रीस लावलं, मग आवाज येत नाही म्हणून पुसून काढलं. स्टूल कोपऱ्यात ठेवलं, परत जागेवर आणलं. आमच्या ओट्यावर येत, एक वाक्य बोलत, निघून जात.

"कारखान्यात काम असेल."

"असेल," मी म्हणायची.

थोड्या वेळाने परत. "पण रविवारी?"

शेवटी यमुताईने पायात चपला घातल्या. "चला बेशाला, देवरावांच्या घरी. आणि तू पण चल गं. बाहेरचं माणूस असलं म्हणजे दोघं नीट बोलतील."

आम्ही ऑटोने गेलो. देवराव मुलाकडे राहतात, बेशाच्या एका नव्या इमारतीत. कारखाना आता मुलगा सौरव चालवतो. दार त्यानेच उघडलं. देवराव बाल्कनीत खुर्चीवर बसले होते, समोरच्या प्लॉटवर चाललेलं बांधकाम बघत. आम्हाला पाहून उठले, यमुताईला खुर्ची दिली, मला दिली, मार्तंडरावांना दिली नाही.

"बसा, कुठीही बसा," एवढंच म्हणाले.

मार्तंडराव उभेच राहिले. "कारखान्यात फार काम आहे म्हणून आला नाहीत ना?" त्यांनी विचारलं. त्यांना 'हो' ऐकायचं होतं.

सौरव पाण्याचे ग्लास घेऊन येत होता. चांगला मुलगा आहे, पण बोलताना पुढचंमागचं बघत नाही. "कारखान्यात?" तो म्हणाला. "काका, बाबा कारखान्यात ऑफिसात बसतात फक्त. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मशीनवर आम्हीच उभं राहू देत नाही. आणि आता सगळं कॉम्प्युटरवर चालते. त्यांची जुनी लेथ तेवढी आहे, ती पण भंगारवाल्याला सांगितली."

"तू आत जाय गा," देवराव म्हणाले.

"मी काय चुकीचं..."

"आत जाय म्हटलं ना."

तो गेला. खाली कुठेतरी गिट्टी ओतल्याचा आवाज झाला. मार्तंडराव बाल्कनीच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांच्या हाताखाली एक स्क्रू सैल होता. बोटं आपोआप तिकडे गेली आणि तिथेच थांबली.

"म्हणजे तुम्ही किती दिवस मशीनवर उभे राहिला नाहीत?"

"झाले बरेच."

"मग आमच्याकडे काहून नाही हात लावला? दर रविवारी स्टुलावर बसून नुसतं सांगत होतात!"

देवरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही शाळेत पाढे चुकलेल्या मोठ्या मुलाकडे पाहायचो. "दुसऱ्याच्या मशीनले हात लावत नसतात, मार्तंडराव. ज्याची मशीन त्याचा हात. त्यानं म्हटलं, या, लावा, त लावावं. तुम्ही म्हटलं कधी?"

"मला वाटलं, जन्मभर तेच केलं, तुम्हाला कंटाळा आला असेल."

"कंटाळा!" देवराव यमुताईकडे वळले. "वहिनी, तुमाले सांगतो, हा माणूस चुकीचा कट घेते ना, तवा मी स्टुलाची कड धरून बसतो. हात पुढं जाऊ नाही म्हणून."

यमुताई हसली, आणि तिला हसावं की नाही हे कळेना म्हणून तिने पाणी प्यायलं. मार्तंडराव मात्र हसले नाहीत. इतकी वर्षं ज्याला आपण आरामात बसलेला समजत होतो तो आपल्याइतकाच अस्वस्थ होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना मी पाहिलं.

"आणि स्पिंडल काढला त्याचं?" त्यांनी विचारलं.

"वाटलं ना. खोटं काहून बोलू? पण त्याच्यापेक्षा ते लग्न लागलं मले. श्रावणात लग्न! इतका बुद्धू समजता मले? थोडा त दिमाग लावायचा. बारसं म्हणायचं."

"बारसं सुचलं नाही."

"सुचणार कसं? दिमाग पूरा स्पिंडलात."

मार्तंडराव आता कठडा सोडून समोर आले. "मला चकप्लेट पाहिजे," ते म्हणाले. "तुमच्या हातची. कारखान्याच्या मशीनवरची नाही. तुमच्या त्या जुन्या लेथवरची, भंगारवाला यायच्या आत."

"डोळे पाहिले का माझे? आट्याची धार दिसत नाही मले आता."

"मला दिसते. मी बघतो, तुम्ही करा."

आतून सौरवचा आवाज आला, "बाबा, गुरुवारी कारखान्याला सुट्टी आहे. मी घेऊन जातो दोघांना."

"तुले आत जा म्हटलं होतं, ऐकत बस नव्हतं म्हटलं," देवराव म्हणाले. पण त्यांनी मार्तंडरावांसाठी आतून खुर्ची आणली.

गुरुवारी कळमेश्वरला काय झालं ते मला दोघांकडून वेगवेगळं कळलं, आणि सौरवकडून तिसरंच. तिन्हींत सारखं तेवढं सांगते. देवरावांनी लेथवरची ताडपत्री स्वतः काढली, हातातलं घड्याळ उतरवून सौरवकडे दिलं, आणि यंत्र सुरू करायच्या आधी बराच वेळ त्याचे दांडे नुसते मागेपुढे करत राहिले. मग बिडाची तबकडी धरली आणि आटे पाडायला घेतले. मार्तंडराव भिंग घेऊन वाकलेले.

"अजून केसभर," मार्तंडराव म्हणाले.

"कोणाचा केस? तुमच्या डोक्यावर त एकही नाही."

"अहो, अजून थोडं!"

"थोडं म्हणजे किती? हेडक्लार्क ना तुम्ही? आकडा सांगा."

मध्येच दोघांचं भांडण झालं. मार्तंडराव म्हणत, आता थांबा, बसवून पाहू. देवराव म्हणत, एक हात आणखी. मार्तंडराव बाहेर जाऊन उभे राहिले, परत आले, पुन्हा भिंग धरलं. सौरव मला म्हणाला, "काकू, मी आठवडाभर ऑर्डरी काढतो तेव्हा एवढा आवाज होत नाही."

नवा स्पिंडल मार्तंडरावांनी मापासाठी सोबत नेला होता. देवरावांनी त्याच्यावर प्लेट फिरवली. ती गेली, सावकाश, शेवटपर्यंत, आणि बसताना आतली हवा निघाल्याचा बारीक सुस्कारा ऐकू आला. देवरावांनी तो ऐकला. डोळ्यांची गरज नव्हती.

पण एवढ्याने चकप्लेट पुरी होत नाही. तिचा समोरचा चेहरा ज्या यंत्रावर ती राहणार त्याच यंत्रावर, त्याच स्पिंडलवर कातून सरळ करायचा असतो, नाहीतर चक वाकडा फिरतो. ते काम रविवारी मनीषनगरात ठरलं. यमुताईने कोथिंबीर भरलेली सांबारवडी केली होती, आम्ही दोघी दारात उभ्या होतो. मोटर सुरू झाली. नवा स्पिंडल त्या प्लेटसकट फिरायला लागला. आवाज असा की लक्ष देऊन ऐकावा लागला.

देवराव सवयीने स्टुलाकडे निघाले.

"तिकडे कुठे?" मार्तंडराव म्हणाले. "या. लावा हात."

देवराव थांबले. मग बाह्या वर सारल्या आणि लेथवर उभे राहिले. स्टूल रिकामं होतं, म्हणून मार्तंडराव त्यावर बसले. लगेच उठले. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, वाकून खालून पाहिलं.

"बसा गा," देवराव मान न वळवता म्हणाले. "पंख्यासारखे काहून फिरून राहिले?"

"कट जास्त होईल."

"नाही होत."

"थोडा मागे घ्या."

"मशीन कोणाच्या हातात आहे?"

मार्तंडराव बसले. टूल बिडाला टेकलं आणि राखाडी भुकटी देवरावांच्या मनगटावर पडायला लागली. काम झाल्यावर चक चढला, पितळेची जाड सळई त्या मोठ्या भोकातून मागून आरपार गेली, आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी आळीपाळीने चाकं काढली. मुलं फाटकावर लोंबकळत होती. सांबारवडी गार झाली.

निघताना देवराव हात धुता धुता म्हणाले, "येत्या रविवारी मी नाही येत."

मार्तंडरावांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "काहून?"

"रविवारी गप्पा होतात, काम होत नाही. बुधवारी येतो. एकटा करीन. तुम्ही मधात यायचं नाही. चालते का?"

लेथ आणल्यापासून तिच्यावर दुसऱ्या कोणाची सत्ता नव्हती. मार्तंडरावांना हे गिळायला वेळ लागला, पण ते म्हणाले, "चालते."

तेव्हापासून बुधवारी सकाळी देवराव येतात. फाटकातूनच हाक मारतात, यमुताईच्या हातचा चहा घेतात, आणि लेथच्या खोलीचं दार आतून ओढून घेतात. आणि मार्तंडराव आमच्याकडे येतात. कडीला हात लावत नाहीत, कूलर ऐकत नाहीत. ओट्यावर उभे राहून समोरच्या घराकडे कान देतात.

परवाच्या बुधवारी ते असेच उभे होते. समोरून यंत्राचा आवाज येत होता, सरळ, एकसारखा. मध्येच तो थोडा जड झाला.

"ऐकलं?" मार्तंडराव मला म्हणाले. "कट जास्त घेतला त्यांनी."

"मग जा ना. सांगा त्यांना."

ते एक पायरी उतरले. थांबले. हात मागे बांधून परत वर आले.

"नाही," ते म्हणाले. "त्यांनी बोलावलं नाही."